डॅशबोर्डला घरच्या घरी रेक्झिन चढवायचं, आणि ते सोलापूरच्या उन्हात टिकवायचं

एप्रिल-मेमध्ये सोलापुरातल्या कुठल्याही पार्किंगमध्ये बघा, चार-पाच गाड्यांमागे एकीच्या डॅशबोर्डवर टेरी टॉवेल अंथरलेला असतो. टॉवेल आपल्याच गावचा, त्यामुळे कौतुक वाटायला हरकत नाही. पण तो जरा उचलला की खाली काचेच्या कडेनं गेलेली तड, पांढुरकं पडलेलं प्लास्टिक, नाहीतर बोट लावलं की चिकट लागणारा भाग सापडतो. माझ्या २०११च्या हॅचबॅकचं हेच झालं होतं. मीटरवरच्या टोपणाला दोन तडे, ग्लव्ह बॉक्सचं झाकण विटलेलं.

त्यावर मी दोनदा रेक्झिन चढवलं. पहिल्या वेळचं साडेतीन महिन्यांत सुटून लोंबायला लागलं. दुसऱ्या वेळच्याला चार उन्हाळे झाले, अजून जागचं हललेलं नाही. रेक्झिन दोन्ही वेळा एकाच ठाणातलं होतं. फरक चिकटवायच्या सोल्युशनमध्ये होता आणि लावण्याआधीच्या सफाईत होता. म्हणून या दोन गोष्टींवर मी जरा जास्त बोलणार आहे. बाकीचं काम हाताला वळण असलेल्या कुणालाही जमतं.

आधी एअरबॅग बघा

डॅशबोर्डवर डाव्या बाजूला इंग्रजीत ‘एसआरएस एअरबॅग’ अशी अक्षरं कोरलेली दिसली तर त्या भागाला हात लावायचा नाही. रेक्झिन नाही, फोम नाही, स्टिकरसुद्धा नाही. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचं झाकण वेगळं दिसतच नाही, सगळा डॅशबोर्ड सलग वाटतो. पण प्लास्टिकच्या पालथ्या बाजूनं एक रेघ मुद्दाम कमकुवत ठेवलेली असते. अपघातात पिशवी त्या रेघेवर डॅशबोर्ड फाडून बाहेर येते. फुगायला तिला साधारण ३० ते ४० मिलिसेकंद लागतात, म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत खेळ संपलेला असतो. तेवढ्यात वर मिलिमीटरभर जाडीचं, पक्कं चिकटवलेलं रेक्झिन आडवं आलं तर पिशवी उशिरा उघडेल, वाकडी उघडेल, किंवा प्लास्टिकचा तुकडा घेऊन समोरच्याच्या तोंडावर येईल. कंपनीतून चामड्याचा डॅशबोर्ड येतो त्यात त्या जागी चामडं आतून कोरून पातळ केलेलं असतं. घरी ते करता येत नाही, आणि एखादा कारागीर ‘आम्ही करतो’ म्हणाला तरी त्यानं ते तपासून कधीच बघितलेलं नसतं.

आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलना पुढच्या प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची झाली आणि त्या वर्षअखेरीपर्यंत आधीच्या मॉडेलनाही मुदत होती. तेव्हा २०२२ची किंवा त्यानंतरची कार असेल तर एअरबॅग आहेच असं धरून चाला. खिडकीजवळच्या खांबांवर तीच अक्षरं दिसली तर ते खांबही सोडायचे. स्टिअरिंगच्या मधल्या भागाचं तर विचारूच नका.

मग उरतं काय? भरपूर उरतं. मीटरवरचं टोपण, ग्लव्ह बॉक्सचं झाकण, म्युझिक सिस्टिमभोवतीची पट्टी, गिअरजवळचा भाग, दारांचे आतले पॅड. माझं मत विचाराल तर नवख्यानं एवढंच करावं. एअरबॅग नसलेल्या जुन्या गाडीत अख्खा डॅशबोर्ड मढवता येतो, पण तो बाहेर काढायचा म्हणजे स्टिअरिंगचा खांब खाली घ्या, एसीच्या नळ्या सोडवा, वायरिंगची खूण ठेवा. एका रविवारचं काम नाही ते. काहीजण डॅशबोर्ड न काढताच वरून रेक्झिन चिकटवतात. कडा आत वळवायला जागा मिळत नाही, मग पहिल्याच उन्हाळ्यात त्या काचेच्या बाजूनं पापडासारख्या वर येतात.

रेक्झिन निवडताना

दुकानात रेक्झिन उलटं करून पाठ बघा. पाठीला विणलेलं, घट्ट कापड असेल तर ते ताणलं जात नाही. सोफ्याला, बॅगांना ठीक. बनियनच्या कापडासारखी लवचिक पाठ असेल तर ते गोलाईवर बसतं. दोन्ही दिशांनी ओढून बघा, लाजू नका. जाडी ०.८ ते १ मिलिमीटर पुरे. जाड रेक्झिन हाताला भारी लागतं, पण कडेला वळवलं की पट्टी परत आपल्या जागी बसत नाही. जाडी दोन्ही बाजूंनी वाढते, आणि कंपनीनं फट ठेवलेली असते त्याहून कमी. पन्हा साधारण ५४ इंच असतो. वर सांगितलेल्या भागांना एक मीटर घ्या, चूक होणार हे धरून दीड घ्या.

रंग वरच्या भागाला काळा किंवा गडद करडा, तोही बिनचमकेचा. बेज रंग शोरूममध्ये छान दिसतो. दुपारी विजापूर रोडला लागलात की त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडतं आणि रस्ता धुकट दिसतो. खाली, ग्लव्ह बॉक्सला वगैरे, हौस करायची तेवढी करा.

चादरीच्या कापडाचं कुणीतरी विचारणारच, कारण मीही विचारलं होतं. दाराच्या पॅडला मी जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा लावून बघितला. दिसतो झकास. पण सूत सोल्युशन पिऊन घेतं आणि डाग वर उमटतो, म्हणून मध्ये पातळ फोम लागतो. शिवाय आपल्याकडची धूळ त्यात जी बसते ती निघत नाही. दारापर्यंत ठीक आहे, डॅशबोर्डच्या वर नको.

सोल्युशन: खरी गोम इथे आहे

अमेरिकेत अॅरिझोनामध्ये उन्हाळ्यात तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्या मोजल्या होत्या. २०१८ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. डॅशबोर्डचं सरासरी तापमान निघालं जवळपास ६९ अंश सेल्सिअस. तिथला उन्हाळा आपल्यासारखाच कोरडा आणि कडक. आपल्याकडे पारा ४२-४३ वर असताना दिवसभर ऑफिसबाहेर उभी असलेली गाडी आठवा, आणि घरातल्या कुठल्या डिंकानं हे सोसावं असं स्वतःलाच विचारा.

सुतारकामाचा पांढरा डिंक इथे कामाचा नाही. तो पाणी उडून वाळतो; प्लास्टिक आणि रेक्झिन दोन्हीतून पाणी जात नाही, त्यामुळे आत तो ओलाच राहतो, आणि वाळला तरी उन्हात मऊ पडतो. चपला-बॅगांना वापरतात ते पिवळं रबरी सोल्युशन पहिल्यांदा मी वापरलं. ते लगेच पकडतं, म्हणून फसायला होतं. दोन कारणांनी ते सुटलं. एक, उष्णता. दुसरं मला फार उशिरा कळलं: रेक्झिन म्हणजे कापडावर पीव्हीसी प्लास्टिकचा थर, आणि तो मऊ राहावा म्हणून त्यात तेलासारखा पदार्थ घातलेला असतो. गरम झालं की तो हळूहळू पाझरतो आणि साध्या सोल्युशनला आतून मऊ करतो. सुटलेला तुकडा मी हातात घेतला तेव्हा मागची बाजू काकवीसारखी चिकट झाली होती.

म्हणून दुकानात ‘रेक्झिनचं सोल्युशन द्या’ एवढंच म्हणू नका. ‘गाडीच्या रूफ लायनिंगला वापरतात ते, हीट रेझिस्टंट’ असं मागा. डब्यावर ८० अंश किंवा त्याहून जास्त लिहिलेलं असावं, आणि पीव्हीसीला चालतं असंही. पॉलियुरेथेनवर आधारित असेल तर उत्तम.

तरीही डब्यावर विश्वास ठेवू नका, उन्हाची परीक्षा घ्या. दोन बोटं रुंद आणि वीतभर लांब अशी रेक्झिनची पट्टी घ्या, अर्धी गाडीतून काढलेल्या एखाद्या प्लास्टिकच्या पट्टीच्या पालथ्या बाजूला चिकटवा, अर्धी मोकळी सोडा. दिवसभर वाळू द्या. मग तीन-चार दुपारी बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवा आणि भर उन्हात, गरम असतानाच मोकळं टोक ओढा. संध्याकाळी थंड झाल्यावर ओढून काही कळत नाही, तेव्हा सगळीच सोल्युशनं शहाणी असतात.

हंगामही बघा. मे महिन्यात सोल्युशन हातातल्या हातात वाळतं, तुकडा सरळ करायला वेळच मिळत नाही. पावसाळ्यात दमट हवेत त्यावर पांढरट धुरकट थर येतो आणि पकड कमी होते. गड्ड्याची जत्रा उरकली की फेब्रुवारीत, नाहीतर दिवाळीच्या आसपास सकाळी दहा ते एक ही वेळ मला सोयीची वाटते. काम गच्चीवर किंवा उघड्या अंगणात करा. या सोल्युशनचा वास डोक्यात जातो आणि त्याची वाफ पेट घेते. जवळ शेगडी, देवापुढचा दिवा, कुणाची बिडी, काही नको.

सोडवणं

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. एअरबॅगवाल्या गाडीत हे न चुकता. आत पिवळ्या रंगाचं कनेक्टर किंवा पिवळी नळी दिसली तर ती एअरबॅगची वायर. ओढायची नाही, मल्टिमीटर लावून तपासायची नाही.

पट्ट्या बहुतेक ठिकाणी स्क्रू आणि क्लिपवर बसवलेल्या असतात. स्क्रू झाकणाखाली लपलेले असतात, त्यामुळे पट्टी येत नसेल तर जोर वाढवू नका, राहिलेला स्क्रू शोधा. सपाट स्क्रू ड्रायव्हरला कापडी टेप गुंडाळून वापरला तर चरे पडत नाहीत. प्लास्टिकची उचकणी मिळते, ती आणखी चांगली. जुन्या गाडीच्या क्लिपा कडक झालेल्या असतात, दोन-चार तुटणारच. आधीच डझनभर आणून ठेवा. स्क्रूसाठी अंड्यांचा रिकामा ट्रे घ्या. काढाल त्या क्रमानं खणात टाकत जा आणि प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो घ्या. मी पहिल्या वेळी सगळे एका वाटीत टाकले होते. शेवटी तीन स्क्रू उरले. ते कुठले हे आजवर कळलेलं नाही.

सफाई आणि डागडुजी

डॅशबोर्ड पॉलिश हा या कामाचा शत्रू. त्यातलं सिलिकॉन प्लास्टिकच्या अंगात मुरतं आणि त्यावर कुठलंच सोल्युशन धड धरत नाही. सर्व्हिसिंगच्या वेळी दर वेळी पोरं पॉलिश मारून देतात, आपण खूश होतो. तेव्हा आधी भांड्याच्या साबणानं कोमट पाण्यात दोनदा धुवा, पूर्ण वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं स्वच्छ फडक्यानं पुसा. फडकं एकाच दिशेनं फिरवा आणि सारखं बदला, नाहीतर तेच सिलिकॉन इकडून तिकडे पसरतं. पाण्याचा थेंब टाकून बघा: गोळा होऊन घरंगळला तर अजून तेलकट आहे. पॉलिश पेपर याच्यानंतर घ्यायचा. आधी घासलं तर तेल चऱ्यांमध्ये आणखी आत जातं. १८० किंवा २२० नंबरनं चमक जाईपर्यंत घासा आणि परत एकदा पुसा.

पट्टीच्या पाठीमागे प्लास्टिकचं नाव दोन-तीन इंग्रजी अक्षरांत छापलेलं असतं. एबीएस असेल तर सोपं. पीपी असेल, म्हणजे पॉलिप्रोपिलिन, तर त्याला सोल्युशन जात्याच नीट धरत नाही. गाडीचे बंपर रंगवणाऱ्यांकडे पीपीचा प्रायमर मिळतो, त्याचा पातळ हात द्यावा लागतो. माझं ग्लव्ह बॉक्सचं झाकण पीपीचं निघालं, आणि पहिल्या वेळी सगळ्यात आधी सुटलं ते तेच.

तडा भरायच्या असतील तर त्यांचे वर आलेले ओठ आधी पात्यानं तासून खाली घ्या. मग लवचिक फिलर भरा. पत्र्याची पुट्टी कडक असते, उन्हात प्लास्टिक हललं की ती तडकते. रेक्झिन सगळं झाकतं हा गैरसमज आहे. पातळ रेक्झिनखाली तांदळाएवढा उंचवटाही उन्हाच्या तिरप्या प्रकाशात दिसतो.

साचा

ग्लव्ह बॉक्सचं सपाट झाकण असेल तर एकाच तुकड्यात काम होतं, साचा लागतच नाही. चारी बाजूंनी दोन सेंटिमीटर जास्त सोडून कापा. मीटरच्या टोपणासारखी दोन दिशांनी वळलेली गोलाई असली की तुकडे जोडावे लागतात.

पट्टीवर स्वयंपाकघरातली पातळ चिकट फिल्म ताणून बसवा आणि त्यावर कागदी मास्किंग टेपचे दोन थर आडवे-उभे लावा. आता मार्करनं ठरवा, शिलाई कुठून जाणार. जिथे गोलाई दिशा बदलते तिथेच रेघ ओढा. मनाला येईल तिथे ओढली तर चुण्या येतात. मधोमध एक मध्यरेषा, आणि शिलाईच्या रेघेला दर पाच सेंटिमीटरवर छोट्या आडव्या खुणा. या खुणा कंटाळून सोडू नका. रेघेवरून ब्लेडनं कापल्यावर हे तुकडे सपाट होतात. त्यातली एक कड सरळ दिसते, दुसरी वाकडी, आणि ती एकमेकांना जुळतील यावर विश्वास बसत नाही. खुणाच त्यांना जुळवतात. तुकडे जाड कागदावर उतरवा, शिलाईच्या बाजूला १ सेंटिमीटर आणि बाहेरच्या कडेला २ सेंटिमीटर मार्जिन द्या. मग रेक्झिनच्या पाठीवर आखा, तुकडा उलटा करून. हे विसरलात तर डाव्याचं उजवं होतं.

शिलाई

सोलापुरात शिलाई मशीन शोधावं लागत नाही. युनिफॉर्मच्या शिलाईवर गावातली कितीतरी घरं चालतात. पण शर्टाच्या मशीनवर रेक्झिनचे दोन थर घातले की खालचा थर दाते पुढे नेतात आणि वरचा पायाखाली अडकून राहतो. शेवटी एक तुकडा बोटभर लांब उरतो. घरच्या मशीनवरच करायचं असेल तर टेफ्लॉनचा पाय लावा, सुई १६ किंवा १८ नंबरची घ्या आणि हातानं चाक फिरवत सावकाश जा. टाचण्या लावू नका, रेक्झिनला पडलेलं भोक बुजत नाही. कपडे वाळत घालायचे चिमटे बरे.

मी दुसऱ्या वेळी तुकडे कापून, खुणा करून, पूर्व भागातल्या एका सीट कव्हरवाल्या अण्णांकडे घेऊन गेलो. त्यांच्याकडे वॉकिंग फूटचं मशीन होतं, त्यात वरचा पायही कापड पुढे ढकलतो. मी बारीक टीप मागितली, नीट दिसावी म्हणून. ते म्हणाले, “बारीक टीप शर्टाला. ह्येला मारली तर भोकाला भोक लागून पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतंय बघ.” जोडाची टीप ३ मिलिमीटर आणि वरून दिसणारी शोभेची टीप ४ ते ५ मिलिमीटर. जोड शिवून झाला की मागची मार्जिन दोन बाजूंना उघडून, सोल्युशननं बसवून, मग दोन्हीकडून एकेक समांतर टीप. मागची मार्जिन तशीच उभी ठेवली तर वरून दोरीसारखा उंचवटा दिसतो.

दोरा पॉलिएस्टरचाच. सुती दोरा उन्हात कुजतो, सुताच्या गावात राहून हे लिहावं लागतंय, पण खरं आहे.

चढवणं

शिवलेला तुकडा आधी कोरडाच बसवून बघा. मध्यरेषा जुळते का, शिलाई सरळ जाते का. नाही जुळली तर आत्ताच उसवा.

सोल्युशन दोन्हीकडे लावायचं, प्लास्टिकला आणि रेक्झिनच्या पाठीला. पातळ आणि सगळीकडे सारखं. गुठळी राहिली तर ती वरून दिसते. मग थांबा. डब्यावर दिलेला वेळ, साधारण दहा ते पंधरा मिनिटं, पण आपल्या कोरड्या हवेत त्याहून लवकर होतं. बोटाची पाठ टेकवा: चिकट लागलं पाहिजे, पण बोटाला काही यायला नको. नवखे इथेच घाई करतात. ओलं असताना चिकटवलं तर आत वाफ अडकते आणि दोन दिवसांनी फोड येतात.

सुरुवात मधल्या शिलाईपासून. रेघेवर रेघ ठेवून फक्त तेवढी पट्टी दाबा, बाकीचं दुसऱ्या माणसाला वर धरायला सांगा. घरात दुसरं माणूस नसेल तर मध्ये बटर पेपर घाला आणि थोडा थोडा सरकवत जा. मधून कडेकडे तळव्यानं दाबत जायचं, हवा बाहेर. गोलाईला हेअर ड्रायरनं रेक्झिन कोमट करा आणि हळू ताणा. हीट गन असेल तर लांब धरा आणि सतत हलवत ठेवा. एका जागी चार सेकंद थांबलात की रेक्झिनचं पोत सपाट होऊन चमकायला लागतं आणि ते परत येत नाही. फार ताणूही नका. ताणलेलं रेक्झिन उन्हात आपल्या मूळ मापावर यायला बघतं, आणि सगळा जोर कडेच्या सोल्युशनवर येतो.

कडा मागे वळवताना आतल्या कोपऱ्यात कातरीनं तिरकी चीर द्यावी लागते. चीर कडेच्या ३ मिलिमीटर अलीकडे थांबवा. पुढे गेली तर वरून दिसते. बाहेरच्या कोपऱ्यात उलट, जास्तीचं रेक्झिन त्रिकोणी कापून काढा, नाहीतर गठ्ठा होतो. मागे वळवलेल्या भागालाही तीच सफाई आणि तोच पॉलिश पेपर लागतो. पहिल्या वेळी मी मागची बाजू कुठे दिसते म्हणून नुसतीच पुसली होती. सुटायला सुरुवात तिथूनच झाली.

चोवीस तास सावलीत ठेवा. मग स्क्रूची भोकं मागून चाचपून सुईनं मोकळी करा आणि पट्ट्या बसवा, काढल्या त्याच्या उलट क्रमानं. क्लिप बसताना ‘टक’ असा आवाज येतो. नाही आला तर कडेला रेक्झिनची घडी जाड झाली आहे, थोडी तासा. ग्लव्ह बॉक्स दहा वेळा उघडून-मिटून बघा. बॅटरी जोडल्यावर चावी फिरवा आणि एअरबॅगचा दिवा नेहमीसारखा पेटून विझतो का ते बघा. पेटलेलाच राहिला तर गाडी सर्व्हिस सेंटरला, स्वतः शोध घेत बसायचं नाही.

पहिला आठवडाभर गाडी उन्हात उभी करू नका, शक्य असेल तर. पुढे पुसायला ओलं फडकं पुरतं. सर्व्हिसिंगला देताना ‘आत पॉलिश नको’ असं जॉब कार्डवर लिहूनच घ्या. पुढच्या काचेला उन्हाची जाळी लावा; टॉवेल असेल तर तोही चालतो, आता खाली लपवायचं काही नाही.

पहिल्या मे महिन्यात एखादा कोपरा उचललेला दिसेल. बोटानं खेळू नका. तेवढाच भाग अल्कोहोलनं पुसा, बिनसुईच्या सिरिंजनं दोन्हीकडे थोडं सोल्युशन सोडा, बोटाला येईनासं झालं की ड्रायरनं कोमट करून दाबा आणि रात्रभर कपड्यांचा चिमटा लावून ठेवा. चिमट्याखाली कागदाची घडी घाला, नाहीतर रेक्झिनवर त्याचे दात उमटतात.